चोविसावी मुलगी

फोन उचलला की ते नाव सांगत नसत. "शून्यकाका बोलतोय," एवढंच म्हणत, आणि पलीकडचा डॉक्टर, मग तो कितीही मोठा का असेना, ओशाळून हसे. त्या महिन्याचं कार्ड टेबलावरच्या कुठल्या तरी ढिगाखाली दबलेलं आहे, हे त्याला लगेच आठवे.

कार्डाची गोष्ट आधी सांगायला हवी. लहान मुलांच्या मनाचे काही आजार इतके दुर्मीळ असतात, की डॉक्टरला सगळ्या नोकरीत असं एखाददुसरंच मूल बघायला मिळतं. एकट्यादुकट्याला त्यातून काही उमगत नाही. म्हणून मुलांचे मानसिक आजार बघणाऱ्या सहाशे बारा डॉक्टरांना दर महिन्याला एक कार्ड जाई. त्यावर सहा आजारांची नावं आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. असं मूल या महिन्यात आलं असेल, तर किती ते लिहायचं. तळाशी सातवा चौकोन होता, "यांपैकी एकही नाही." बहुतेकांना बहुतेक महिने तिथेच खूण करायची असे, आणि तेवढ्यासाठी कोण उठून कार्ड टपालात टाकतो? सांगण्यासारखं काही नाही तर सांगायचं कशाला, असं भल्याभल्यांना वाटे.

इथे काकांचा पारा चढे. "असं कसं डॉक्टरसाहेब? तुम्ही गप्प बसलात तर मी काय समजू? मूल आलंच नाही, की आलं आणि तुम्ही विसरलात, की तुम्हीच रजेवर गेलात? शून्य लिहा. शून्य हे उत्तर आहे. गप्प बसण्याला मी कुठल्या रकान्यात घालू?"

एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं. मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून असलेली तळमजल्यावरची खोली ही त्यांची कचेरी. दुपारी भिंत गरम होई आणि साबणाचा वास येई. खोलीत माणसं तीन. सगळ्या कामाच्या प्रमुख असलेल्या डॉक्टर मॅडम, आकडेमोड करणारा एक गृहस्थ, ज्याला सगळे आकडेवाला म्हणत, आणि काका. शंभरातली नव्वद कार्डं परत यायची, ती काकांच्या तोंडामुळे. मॅडम परदेशातल्या पाहुण्यांना सांगत, "माझं डोकं गेलं तरी चालेल, यांचा फोन बंद पडता कामा नये." काका अशा वेळी उगीचच कागद सारखे करत, पण ते घरी बायकोला सांगायला विसरत नसत.

त्यांचं खरं कसब मात्र दुसरंच होतं. कार्डावर एखाद्याने आकडा लिहिला, की त्या डॉक्टरला मोठा फॉर्म जाई. त्यात मुलाचं नाव नसे, तो नियमच होता. मुलगा की मुलगी, जन्मतारीख, राहण्याचा भाग, भावंडं किती, आजार कधी सुरू झाला, एवढंच. आता आजारी मूल काही एकाच डॉक्टरकडे राहत नाही. आज इथे, उद्या तिथे, आईबाप उंबरठे झिजवतात. मग एकच मूल दोघा-तिघांकडून कळवलं जाई आणि एकाची तीन होत. ती पकडायचं काम काकांचं. जन्मतारीख जुळली, भाग जुळला, भावंडं जुळली, की दुसऱ्या फॉर्मवर लाल पेन्सिलीने रेघ आणि वर शिक्का, "दुबार". शिक्का त्यांनी स्वतःच्या हौसेने करून घेतला होता. "आकडे फुगवायला काय, कोणीही फुगवतो," ते म्हणत. "माझ्या हातून एक मूल दोनदा मोजलं जाणार नाही."

आणि खरंच, एकही मूल त्यांच्या हातून कधी दोनदा मोजलं गेलं नाही.

घरी त्यांची बायको शाळेचे गणवेश शिवत असे. बाहेरच्या खोलीत यंत्र आणि निळ्या कापडाचे गठ्ठे. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला होता. कोणी नवीन माणूस भेटला आणि त्याने विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" की या घरात एक ठरलेला खटका उडे. काका म्हणत, "एक." बायको म्हणे, "दोन. एक आहे, एक गेली." मुलाच्या पाठीवर त्यांना मुलगी झाली होती. ती चार दिवस जगली. समोरचा माणूस मग चहाचा कप हातात घेऊन नुसता बसून राही. तो गेल्यावर काका चिडत. "कशाला दर वेळी समोरच्याला अवघडून टाकायचं? चार दिवसांचं बाळ ते, त्याची काय मोजदाद?" बायको सुईत दोरा ओवत बसे. तीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती, निदान काकांना तसं वाटत होतं.

तर त्या सहा आजारांतला शेवटचा सगळ्यात विचित्र. मूल हळूहळू सगळ्याला नाही म्हणतं. आधी शाळा, मग जेवण, मग बोलणं, चालणं, शेवटी डोळे उघडणंसुद्धा. अंगात शोधून काही सापडत नाही. नाकातून नळी घालून महिनोन्‌महिने जगवावं लागतं. डॉक्टरांकडे त्याचं लांबलचक नाव होतं, कचेरीत सगळे त्याला "नकार" म्हणत. अशी मुलं किती, त्यांचं पुढे काय होतं, कोणालाच नीट माहीत नव्हतं. मॅडमनी आठ वर्षं वरच्या समितीचे उंबरे झिजवून हा आजार कार्डावर आणला होता. त्यांच्या मनात एकच होतं. या मुलांसाठी एक वेगळा वॉर्ड हवा, शिकवून तयार केलेल्या नर्स हव्यात. समिती म्हणाली, आधी आकडे दाखवा.

आकडे यायचे तर फॉर्म भरून यायला हवेत. जुना फॉर्म दोन पानी होता, आणि डॉक्टर मंडळी पान उलटत नाहीत हा काकांचा एकोणतीस वर्षांचा अनुभव. त्यांनी कात्री चालवली. नऊ प्रश्न काढले, शेऱ्याची जागा काढली, अक्षर बारीक केलं आणि सगळं एका पानावर बसवलं. वर्षानंतर त्याच मुलाची खबर घ्यायला जो दुसरा फॉर्म जाई, त्याचा वरचा अर्धा भागही त्यांनी हुबेहूब तोच ठेवला, म्हणजे जुळवायला सोपं. मॅडम म्हणाल्या, "हे तुम्हालाच सुचावं." आणि फॉर्म पटापट परत येऊ लागले.

एकूण एकतीस आले. त्यातले आठ काकांनी दुबार ठरवून बाद केले. राहिली तेवीस मुलं.

बाद केलेल्या आठांत एक अकरा वर्षांची मुलगी होती. शहरातल्या एका डॉक्टरने मार्चात कळवलेली मुलगी, आणि लांबच्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंनी एप्रिलात कळवलेली मुलगी. जन्मतारीख एक, राहण्याचा भाग एक, दोन्हीकडे भावंडं: एक. आजार सुरू झाल्याच्या तारखेत तेवढा तीन आठवड्यांचा फरक. काकांनी तो बघितला होता. फॉर्म हातात धरून ते क्षणभर थांबलेही होते. मग मनाशी म्हणाले, आईबापांना कुठे तारखा धड आठवतात, आणि शिक्का मारला.

वर्ष गेलं, खबरीचे फॉर्म परत आले, तेवीसच्या तेवीस. आकडेवाल्याने बेरजा केल्या. अहवाल छापला गेला. त्यात एक वाक्य होतं, जे मॅडमनाही लिहिताना आनंदाचं वाटलं होतं: "एकाही मुलाचा मृत्यू झालेला नाही." समितीने नेमकं तेच वाक्य उचललं. मुलं मरत नाहीत, वेळ लागतो पण बरी होतात, मग वेगळा वॉर्ड कशाला आणि नर्सना शिकवायचं कशाला? आठ वर्षांच्या खटपटीच्या तोंडाला पानं पुसली गेली. वर आणखी, आता कळायचं ते कळलं आहे, तर कार्डावरचा तो चौकोन काढून तिथे दुसरा आजार घ्यावा असंही ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. लांबच्या रुग्णालयातल्या त्या डॉक्टरीणबाई.

"शून्यकाका बोलतोय."

"काका, अहवाल वाचला मी आज. एक विचारायचं होतं. मी कळवलेल्या मुलीचा वर्षानंतरचा फॉर्म मला आलाच नाही."

काकांनी वही ओढली, मुलीची जन्मतारीख विचारली, पान काढलं. "ती मुलगी दुबार होती बाई. शहरातल्या डॉक्टरांनी आधीच कळवलेली. त्यांच्याकडून आली तिची खबर. बरी आहे, शाळेत जाते."

"ती तिची बहीण," बाई म्हणाल्या. "जुळ्या होत्या हो त्या. एकीने जेवण सोडलं, तीन आठवड्यांनी दुसरीने. एकत्र ठेवलं तर दोघीही उठणार नाहीत असं आम्हाला वाटलं, म्हणून एकीला तिथे ठेवलं आणि एकीला मी इकडे आणलं. माझी गेली काका. पाचव्या महिन्यात. दुपारी जेवणाच्या वेळी, नळी चालू असताना. मी फॉर्मची वाट बघत बसले. फॉर्म येईल तेव्हा लिहीन म्हटलं. मीच आधी कळवायला हवं होतं."

"नाही नाही," काका म्हणाले. "तुमचं काही नाही." रिसीव्हर ठेवताना तो दोनदा जागेवरून घसरला.

जुळं. मूल जुळं आहे का, हा प्रश्न जुन्या फॉर्मवर होता. दुसऱ्या पानावर, वरून चौथा. काढलेल्या नऊ प्रश्नांतला तो एक. अशी जुळी असून असून किती असणार, त्यासाठी ओळ कशाला घालवा, असं ते तेव्हा म्हणाले होते.

ते उठले आणि कपाटातून तेविसांचा गठ्ठा काढला. जगलेल्या बहिणीचा वर्षानंतरचा फॉर्म त्यांना बघायचा होता. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. फॉर्म सापडला. जेवते, होय. चालते, होय. बोलते, थोडं. शाळा, होय. आणि वरच्या अर्ध्या भागात, भावंडांच्या रकान्यात, डॉक्टरने निळ्या शाईत स्पष्ट शून्य लिहिलं होतं. त्यावर लाल पेन्सिलीची रेघ होती. शेजारी लाल "१". आणि त्याच्या शेजारी काकांची छोटी सही.

त्यांना आठवलं. चहाच्या वेळी त्यांनी तो फॉर्म आकडेवाल्यापुढे नाचवला होता. "बघा, हे एवढे शिकलेले! पहिल्या फॉर्मात भावंडं एक, दुसऱ्यात शून्य. अहो, भावंडं वाढतात एक वेळ, कमी कशी होतील?" आकडेवाला पोट धरून हसला होता. मॅडमसुद्धा हसल्या होत्या. मग काकांनी पेन्सिल घेऊन पहिल्या फॉर्माबरहुकूम दुरुस्ती केली होती.

सबंध आयुष्य ते लोकांकडे शून्य मागत आले होते. आणि ज्या एका शून्यात एक मुलगी मेल्याची खबर होती, ते त्यांनी हसत हसत खोडलं होतं. ते खुर्चीत बसले आणि रडले. धुलाईखान्याचा आवाज चालू होता, कोणाला ऐकू गेलं नाही.

मॅडमना सांगताना त्यांनी काही लपवलं नाही. दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मॅडमनी ते वाचले, चष्मा काढला, परत लावला, परत वाचले.

"तुमच्यावर राग काढावा असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण कुठल्या तोंडाने काढू? पान एक केलंत तेव्हा शाबासकी मीच दिली होती."

"ही मोजली गेली असती, तर वॉर्ड झाला असता?"

"चोविसांत एक. म्हणजे शंभरात चार जीव. असं लिहिलं असतं तर त्यांना उडवून लावणं जड गेलं असतं. झालाच असता असं नाही म्हणत मी. पण खोटं कशाला बोलू, झाला असता कदाचित."

त्यांनी समितीला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. काकांनी ते स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली, आणि दर सोमवारी फोन करू लागले. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांनाही कळत होतं, पण निदान कागदावर ती मुलगी यायला हवी होती. तेवीसचे चोवीस व्हायला हवे होते. एवढी एकच गोष्ट त्यांना आता हवी होती, आणि तिच्यापुढे त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. दुरुस्तीची नोंद घेतली आहे, पुढील अहवालात समावेश करावा. पुढील अहवाल! आजारच कार्डावरून उडवला होता, पुढचा अहवाल कोण लिहिणार आणि कशावर? ज्याने ते पत्र लिहिलं त्याला हे माहीत नव्हतं, की माहीत असूनच त्याने लिहिलं, देव जाणे. मॅडमनी पत्र फाइलला लावलं आणि त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

काकांनी बायकोला सगळं सांगितलं ते त्याच संध्याकाळी. तोवर त्यांचा धीर झाला नव्हता. तिने यंत्र थांबवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तुम्ही तिला दोनदा खोडलंत," ती म्हणाली.

"मुद्दाम नाही गं."

"मुद्दाम कशाला लागतं? हाताला वळण होतं तुमच्या."

यापेक्षा तिने आरडाओरडा केला असता तर बरं. ती परत यंत्राकडे वळली, पण तिने पाय मारला नाही. निळ्या कापडावर हात ठेवून नुसती बसली. काकांना तिच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण आता आपल्याला तो अधिकार नाही असं वाटून ते दारातच उभे राहिले.

नवीन कार्डं छापून आली. सहावा चौकोन होता, नाव दुसरंच होतं. दोन महिन्यांनी लांबच्या रुग्णालयातून कार्ड आलं. डॉक्टरीणबाईंनी एकाही चौकोनात खूण केली नव्हती. समासात, उभ्या ओळीत लिहिलं होतं: "नकार. मुलगा, नऊ वर्षं. कुठे लिहू?" काकांनी ते कार्ड दिवसभर टेबलावर ठेवलं. समासात लिहिलेलं मोजायचं नाही, हा नियमही त्यांचाच होता, पंधरा वर्षांपूर्वीचा. संगणकाला खूण लागे. खूण नाही म्हणजे उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणजे परत आलेल्या कार्डांची टक्केवारी उतरणार. संध्याकाळी त्यांनी बाईंना फोन केला.

"काका, काय करू मी?"

"दुसरं कार्ड पाठवतो, त्यात शेवटच्या चौकोनात खूण करा," काका म्हणाले. "यांपैकी एकही नाही."

"पण मूल आहे ना इथे. समोर आहे माझ्या."

"हो," काका म्हणाले. "तरी."

त्यानंतर फोनवर त्यांनी स्वतःला शून्यकाका म्हणवून घेतलं नाही. नुसतं "कचेरीतून बोलतोय" म्हणत. कार्डं कमी येऊ लागली, आणि त्यांनी कोणाला फारशी आठवणही करून दिली नाही.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा आस्थापना विभागाने त्यांना कागदपत्रांसाठी वरच्या मजल्यावर बोलावलं. तिथल्या बाई गोड स्वभावाच्या. खुर्ची दिली, पाणी दिलं, फॉर्म पुढे केला. नाव, जन्मतारीख, पत्नी, अपत्ये. काकांनी अपत्यांच्या रकान्यात लिहिलं, "२". अक्षर नीट आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो आकडा लिहिला होता. आज घरी जाऊन तिला सांगायचं, हे त्यांनी सकाळी बूट घालतानाच ठरवलं होतं.

बाईंनी जुनी फाइल उघडून मेळ घातला. "काका, इथे चुकून दोन पडलेत हं. आमच्याकडे एकच आहे."

"दोन. एक आहे, एक गेली."

"अरे देवा. कधी हो?"

"झाली बरीच वर्षं. चार दिवसांची होती."

"अच्छा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं काकांना स्पष्ट दिसलं. "मग ती नाही धरायची काका. मागच्या कागदाशी जुळलं नाही तर वरून परत पाठवतात, तुमचंच काम अडेल. मी करते ना दुरुस्त, तुम्ही नका त्रास घेऊ."

त्यांनी लाल पेनाने दोनावर एक सरळ रेघ मारली, शेजारी सुबक एक लिहिला आणि फॉर्म फिरवून काकांपुढे धरला.

"इथे शेजारी छोटी सही करा तेवढी."

काकांनी सही केली. मग जिना उतरायला निघाले, आणि घरी गेल्यावर तिला काय सांगायचं ते सुचेना म्हणून अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून उभे राहिले.